गंगाक्कांचं कुकर

गंगाक्का कुकर लावताना डोक्यात हेल्मेट घालायच्या.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांचं घर बघायला गेले तेव्हा. बसवनगुडीत एका जुन्या घराचा वरचा मजला भाड्याने द्यायचा आहे, मालकीणबाई मराठी आहेत, असं ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं होतं. गेले तर फाटक उघडं, पुढचं दार उघडं, मागचंही दार उघडं, आणि समोर स्वयंपाकघरात सत्तरीच्या एक बाई उभ्या. अंगावर इरकली साडी, डोक्यात काळं हेल्मेट, हेल्मेटखालून मानेवर लोंबणारा अबोलीचा गजरा आणि हातात गॅसचा लायटर. त्यांनी मला हातानेच थांबवलं, तोंड फिरवून गॅस पेटवला आणि त्या वयाला न शोभणाऱ्या चपळाईने बाहेर येऊन, माझा दंड धरून मला थेट व्हरांड्यात आणून बसवलं.

"आता बोल," त्या हेल्मेटच्या आतून म्हणाल्या. "कुकर ठेवलंय. स्वल्प लांब बसलेलं बरं."

नवरा काय करतो, मी कुठे नोकरी करते, मांसमच्छी खाता का, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "तुझं कुकर कसं आहे?"

"पाच लिटरचा आहे," मी म्हटलं.

"तसं नाही गं. आतून काळं आहे की पांढरं?"

मला आठवेना. आपला कुकर आतून कुठल्या रंगाचा आहे हे मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, असेल काळाच. अक्कांनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात आत शिट्टी झाली, आणि बाई बसल्या जागी इतक्या दचकल्या की हेल्मेटची काच आपोआप खाली आली.

तरीही घर आम्हाला मिळालं. कदाचित माझ्या कडेवरच्या लेकीमुळे, सईमुळे. ती तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती. हेल्मेटवाल्या बाईंकडे बघून ती खदखदून हसली आणि अक्का म्हणाल्या, "मगू हसतंय. सरी, राहा तुम्ही."

अक्कांचं घराणं मूळचं मराठीच, पण त्यांचे पूर्वज केव्हातरी तीन-चारशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून इकडे कानडी मुलुखात आले आणि इथलेच झाले. त्यांच्या मराठीत 'थोडं'च्या जागी स्वल्प यायचं, 'नको'च्या जागी बेडा, 'बरं'च्या जागी सरी, आणि लेकरू असायचं मगू. आम्ही पुण्याची माणसं 'तो कुकर' म्हणतो. अक्कांकडे 'ते कुकर'. जनावराबद्दल बोलावं तसं. ते ऐकून ऐकून मलाही वाटायला लागलं की गॅसवर काहीतरी पाळलेलं, पण अजून पुरतं न माणसाळलेलं ठेवलंय.

"आमची माणसं तोफेसमोर उभी राहिलेली," त्या सांगायच्या. "तोफ बरी. तिचं तोंड कुठे आहे ते दिसतं तरी. ह्याचं तोंड कुठे, कोण सांगणार?"

हेल्मेट त्यांच्या यजमानांचं. ते गेले, स्कूटर विकली गेली, आणि हेल्मेट स्वयंपाकघरात खिळ्यावर टांगलं गेलं. कुकर लावायची वेळ झाली की अक्का आधी सगळी दारं-खिडक्या उघडायच्या. ओट्यावरच्या काचेच्या बरण्या आतल्या खोलीत न्यायच्या. देवाला नमस्कार करायच्या. मग जिन्याखाली उभं राहून वर हाक मारायच्या, "अनघा, कुकर ठेवते गं." म्हणजे मी तेवढ्यात खाली येऊ नये. नंतर हेल्मेट, लायटर, आणि व्हरांड्याकडे धाव. शिट्ट्या झाल्या की बंद करायला मात्र जावंच लागायचं. तेव्हा त्या लांबूनच हात पुढे करून, मान मागे टाकून, गरम तव्यावरची पोळी उचलावी तशा बोटांनी बटण फिरवून परत पळायच्या.

माझ्या नवऱ्याला, निखिलला, हे सगळं फार मजेचं वाटायचं. तो एकदा म्हणाला, "अक्का, एवढं भ्यायचं कशाला?"

"स्वल्प भीती पाहिजे रे माणसाला," अक्का म्हणाल्या. "जेवणात मीठ पाहिजे तशी."

निखिल वर येऊन म्हणाला, "मीठ जरा जास्तच पडलंय."

कुकर फुटतो तो घाणीमुळे, अशी अक्कांची पक्की समजूत होती. कळकट कुकर म्हणजे राग गिळून बसलेला माणूस. वरून गप्प, आतून काय चाललंय ते कळत नाही. म्हणून त्यांचा कुकर असा लखलखीत असायचा, की त्यात बघून कुंकू लावावं. आम्ही राहायला आलो त्याच संध्याकाळी त्या वर आल्या आणि माझा कुकर मागून घेतला. झाकण उघडून आत डोकावल्या. त्यांचा चेहरा एखाद्याच्या घरी वाईट बातमी सांगायला आलेल्या माणसासारखा झाला.

"स्वल्प दिवस माझ्याकडे राहू दे," म्हणाल्या.

मग मी ती सगळी विद्या पाहिली. कुकरात काळ्या रेघेच्या वरपर्यंत पाणी, त्यात चिंचेचा गोळा आणि पिळून झालेल्या लिंबांच्या साली. झाकण न लावता मंद आचेवर उकळायचं. झाकण नसलेल्या कुकरला अक्का भीत नसत. त्याच्यापाशी त्या चक्क गुणगुणत उभ्या असायच्या. पाणी तपकिरी झालं की ओतून द्यायचं, अर्ध्या लिंबावर बारीक मीठ घेऊन आतून गोल गोल चोळायचं. तारेची घासणी बेडा, चरे पडतात. सोडा तर अजिबात बेडा, ॲल्युमिनियम आणखी काळं पडतं. रबराची रिंग वेगळी धुवायची, वाळवायची, तिला बोटाने तेल लावायचं. शेवटी झाकणाच्या नळीत सुई घालून ती साफ करायची आणि झाकण उजेडाकडे धरून एका डोळ्याने बघायचं.

"आकाश दिसलं पाहिजे," त्या म्हणायच्या. "आकाश दिसलं नाही तर ठेवू नको."

मला माझा कुकर परत मिळाला तेव्हा तो लग्नात मिळाला त्या दिवसापेक्षा नवा दिसत होता.

हे आमच्यापुरतं असतं तर ठीक होतं. पण अक्कांच्या तावडीतून कुठलाच कुकर सुटत नसे. बारशाला गेल्या की पाळण्याआधी स्वयंपाकघरात डोकावायच्या. समोरच्या घरातल्या सूनबाई अक्का येताना दिसल्या की कुकर कपाटात ठेवून कपाटाला टेकून उभ्या राहायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मागच्या गल्लीत नोकरी करणारी काही मुलं एकत्र राहायची. एकदा अक्का त्यांच्याकडून त्यांचा कुकर घेऊन आल्या, मेलेला उंदीर धरावा तसा, अंगापासून लांब. चांगले काही दिवस त्याच्याशी झटल्या आणि चकचकीत करून परत द्यायला गेल्या, तर ती मुलं म्हणाली, "हा आमचा नाही, आजी." अक्कांना आयुष्यात मिळालेलं हे सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र होतं.

भीती मात्र संसर्गजन्य असते. पुण्यात मी कुकर लावून खुशाल आंघोळीला जायचे. इथे आल्यावर हळूहळू मी सईला आधी आतल्या खोलीत नेऊन ठेवायला लागले. मग झाकण उजेडाकडे धरायला लागले. शिट्टीआधी कुकर जी फुसफुस करतो ती पूर्वी मला ऐकूसुद्धा यायची नाही. आता ती ऐकताना माझ्या तळहाताला घाम सुटायचा. हसणारा निखिल नेमका कुकर लावल्यावर फोन घेऊन गच्चीवर जायला लागला, आणि विचारलं तर इथे रेंज चांगली आहे म्हणायचा. एकदा कोरमंगलाच्या ऑफिसात मीटिंग चालू असताना कोपऱ्यातल्या कॉफीच्या मशीनने जोरात वाफ सोडली. सगळे स्क्रीनकडे बघत होते. मी दाराशी जाऊन उभी होते. कधी उठले ते माझं मलाच कळलं नाही.

त्या शनिवारी निखिल घरी नव्हता. मी सईला घेऊन भाजी आणायला गांधी बाजारात गेले होते. रमतगमत परत आले आणि फाटकाशीच वास आला. जळक्या रबराचा, त्याखाली करपलेल्या भाताचा. पुढचं दार लावलेलं होतं. मागचं उघडं आहे का बघायला मी घराला वळसा घातला, तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून निळसर धूर बाहेर येत होता.

सईला मी फाटकाजवळच्या पायरीवर बसवलं, हातात भाजीतला एक टोमॅटो दिला, आणि हलू नकोस म्हटलं. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खरंच हलली नाही. मागच्या दाराने मी आत गेले. गॅस मोठा होता. कुकर त्याच्यावर अगदी गप्प बसला होता. शिट्टी नाही, फुसफुस नाही, नुसता गप्प. खालची बाजू काळी पडली होती आणि दांड्याचं प्लॅस्टिक फुगलं होतं. आणि हेल्मेट खिळ्यावर होतं.

ते खिळ्यावरचं हेल्मेट बघून मी कुकर बघून घाबरले नव्हते इतकी घाबरले. कुकर गॅसवर आणि हेल्मेट खिळ्यावर असं त्या घरात कधीच होत नसे. अक्का कुठेतरी पडल्यात, असंच माझ्या मनात आलं. मी श्वास धरून, हात लांब करून, मान मागे टाकून बटण फिरवलं. अगदी त्यांच्यासारखंच. आणि पळाले.

अक्का मागच्या अंगणात, दारातून न दिसणाऱ्या कोपऱ्यात, कपडे धुवायच्या दगडावर बसल्या होत्या. मांडीवर केळीचं पान, त्यात अबोलीची फुलं. गजरा करत होत्या. वारा त्यांच्याकडून घराकडे वाहत होता.

"अक्का," मी म्हटलं. "अक्का, कुकर."

"कुठलं कुकर?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"तुमचा. गॅसवरचा."

"मी कुठे ठेवलंय? अजून ठेवायचंय." त्यांनी दोऱ्याची गाठ मारली. "हे झालं की ठेवते."

मग वारा फिरला आणि त्यांना वास आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मागे खिडकीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. शिट्टीला दचकणारी, झाकण लावलेल्या कुकरला वळसा घालून जाणारी ही बाई मी कितीतरी वेळा भ्यालेली पाहिली होती आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात हसले होते. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी आधी पाहिलेलं नव्हतं. त्या दचकल्या नाहीत, उठल्याही नाहीत. मांडीवरची फुलं दोन्ही हातांनी घट्ट धरून बसून राहिल्या.

"मी ठेवलं," त्या म्हणाल्या. "मीच ठेवलं असणार. दुसरं कोण आहे घरात."

अक्का फुलं आणायला बाहेर गेल्या होत्या तेव्हाच शिट्ट्या होऊन होऊन पाणी संपलं होतं. झाकणावरचा सेफ्टी वॉल्व वितळला होता, म्हणून बाकी काही झालं नाही. डब्यातला भात कोळसा झाला होता. मी खिडक्या उघडत होते, तेवढ्यात अक्कांनी मागून माझा हात धरला.

"दिनेशला सांगू नको."

दिनेश त्यांचा मुलगा. हैदराबादला मोठ्या नोकरीत. आधी एकदा अक्का गॅसवर दूध ठेवून देवळात गेल्या होत्या. शेजाऱ्यांनी त्याला कळवलं, तेव्हाच तो म्हणाला होता की पुन्हा असं काही झालं तर मी तुला इथे एकटीला ठेवणार नाही. त्याचं घर बाराव्या मजल्यावर होतं. अक्का एकदा तिथे राहून आल्या होत्या.

"खिडकीतून बघितलं की माणसं मुंग्यांएवढी दिसतात," त्या म्हणाल्या. "मुंग्यांशी काय बोलू मी? आणि पुढच्या शनिवारी तो यायचाय."

"मग नवीन कुकर आणू," मी म्हटलं. "त्याला काय कळणार?"

अक्कांनी कुकर फिरवून त्याची दुसरी बाजू मला दाखवली. काजळीखाली कोरलेली अक्षरं होती: 'आईस, दिनेश'. नोकरी लागल्यावर त्याने घरात आणलेली ती पहिली वस्तू. आई ओट्यापाशी तासन्‌तास उभी असते, तिचे पाय दुखतात, म्हणून.

मला एक प्रश्न केव्हापासून विचारायचा होता. तो मी तेव्हा विचारला. "अक्का, एवढी भीती वाटते तर वापरता कशाला? भात पातेल्यात होतो की."

"दर रविवारी फोनवर विचारतो ना तो," अक्का म्हणाल्या. "'आई, कुकर चालतंय ना गं?' मग चालतंय म्हणायला नको? खोटं कसं सांगू मुलाला?"

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी तो कुकर घासत होतो. दुसरं काही केलं असेल तर मला आठवत नाही. आधी मिठाचं कढत पाणी घालून ठेवला. लाकडी उलथन्याने कोळसा सुटा केला. मग चिंच, मग लिंबाच्या साली, पुन्हा चिंच. मी सकाळी ऑफिसचा कॉल म्यूट करून खाली बसायचे आणि मीठ चोळायचे. बोलायची पाळी आली की हात पुसून, मोठ्या गंभीर आवाजात काहीतरी सांगून परत चोळायला लागायचे. अक्का माझ्या हाताला दोष द्यायच्या. "असं नाही, गोल. गोल फिरव. भांडतेस काय त्याच्याशी?" त्या दिवसांत त्या पातेल्यात भात करायच्या, आणि भात होऊन गॅस बंद होईपर्यंत मी काहीतरी निमित्त काढून तिथेच उभी राहायचे. मी का उभी आहे ते त्यांना कळत होतं. त्यांना कळतंय हे मला कळत होतं.

रिंग, वॉल्व आणि दांडा आणायला आम्ही गांधी बाजारात गेलो. दुकानदाराने कुकर उलटा-सुलटा करून पाहिला आणि कानडीत म्हणाला, अम्मा, नवीन घ्या ना.

"हे नवीनच आहे," अक्का म्हणाल्या. "स्वल्प जुनं झालंय."

घरी निखिल वेगळंच बोलत होता. त्याने हसणं बंद केलं होतं. "त्यांचं स्वयंपाकघर आपल्या झोपायच्या खोलीच्या बरोबर खाली आहे, अनघा. सई दुपारी तिथेच झोपते. तू ऑफिसला गेलीस आणि पुन्हा असं झालं तर? त्यांच्या मुलाला सांगायला हवं."

"सांगितलं तर तो त्यांना घेऊन जाईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

दिनेश येऊन गेला की आपणच अक्कांशी शांतपणे बोलू, असं आम्ही ठरवलं. पण त्या आठवड्यात मी ऑफिसात बसले की मला वास यायचा. एसीत, लिफ्टमध्ये, रिक्षात. जळक्या रबराचा. सईला सांभाळायला येणाऱ्या बाईंना मी फोन करकरून इतकं हैराण केलं, की शेवटी त्याच म्हणाल्या, सगळं ठीक आहे, आता तुम्ही फोन ठेवा.

शुक्रवारी संध्याकाळी कुकर तयार झाला. अक्कांनी तो पांढऱ्या पंचावर उपडा ठेवला. जळाल्याची कुठे खूणसुद्धा नव्हती. अक्षरं मात्र घासून घासून इतकी पुसट झाली होती, की दिनेशचा 'श' शोधावा लागत होता. एकच गोष्ट राहिली होती. त्याच्यावर पाणी ठेवून, झाकण लावून, एक शिट्टी करून बघायची. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग अक्का म्हणाल्या, अंधार पडला, उद्या बघू. मी लगेच हो म्हटलं.

दिनेश सकाळी लवकर आला. चाळिशी ओलांडलेला, शांत, थोडासा वाकून चालणारा माणूस. जेवायला आम्हालाही बोलावलं होतं. निखिल गावाला गेला होता, म्हणून मी आणि सई खाली गेलो. अक्कांनी भाजी, कोशिंबीर, सगळं केलं होतं. भात पातेल्यात लावायचा बेत होता. दिनेश स्वयंपाकघरात आला, कुकर उचलून त्याने हातात फिरवला आणि त्यात स्वतःचा चेहरा पाहून हसला.

"आई, अजून नवं ठेवलंयस," तो म्हणाला. "आज भात मी लावतो. तू बस."

"बेडा, बेडा," अक्का म्हणाल्या. "तू दमून आलायस."

"कुकर लावायला काय दम लागतो?" त्याने तांदूळ धुतले, डबा ठेवला, झाकण लावलं. झाकण उजेडाकडे धरून त्याने काही बघितलं नाही. गॅस पेटवून तो बाहेर आला आणि निवांत सोफ्यावर बसला.

अक्का खुर्चीवर बसल्या होत्या. मी सईला मांडीवर घट्ट धरून दाराच्या अगदी जवळ बसले. दिनेश त्याच्या सोसायटीबद्दल सांगत होता. तिथे म्हाताऱ्या माणसांसाठी बाग आहे, सकाळी भजन असतं, खाली डॉक्टर असतात. मी 'हो का' म्हणत होते. कान आत होते. कुकरचं बूड थोडं वाकलं होतं का? दांडा नीट पिळला होता का? अक्कांनी बसवलेला वॉल्व मी पुन्हा तपासला होता का? आत फुसफुस सुरू झाली आणि थांबली. बराच वेळ काहीच आवाज आला नाही. दिनेश लिफ्टबद्दल बोलत होता. मी सईला घेऊन उठायच्या बेतात होते, आणि तेवढ्यात शिट्टी झाली. लांब, स्वच्छ, व्यवस्थित शिट्टी.

आता सगळं निभावलं, असं वाटून मी अक्कांकडे बघून हसले.

अक्का हसल्या नाहीत. त्या उठल्या, आत गेल्या. मला दारातून दिसत होतं. त्या सरळ गॅसपाशी गेल्या, साध्या हाताने बटण बंद केलं, पळाल्या नाहीत. बाहेर येऊन दिनेशच्या समोर उभ्या राहिल्या.

"मागच्या शनिवारी हे कुकर मी जाळलं," त्या म्हणाल्या. "ठेवलं आणि ठेवलेलंच विसरले. अनघाने बंद केलं. मग आम्ही दोघींनी घासून ठेवलं. तुला कळू नये म्हणून."

दिनेशने माझ्याकडे पाहिलं.

"तुला कळलं नसतं. मी आठवडाभर हाच विचार करत होते, की तुला कळणार नाही. पण त्याच्यावर," त्यांनी बोट वर केलं, "त्या छताच्या वर हे मगू झोपतं." त्या सईकडे बघत होत्या. "कुकरला मी पहिल्यापासून भिते, तुला ठाऊक आहे. ते बरं होतं. त्याच्यावर लक्ष ठेवता येत होतं. आता मला माझीच भीती वाटते रे. माझ्यावर मी कसं लक्ष ठेवू?"

त्या खाली बसल्या. "गॅस काढून घे घरातून," म्हणाल्या. "आणि न्यायचं असेल तिकडे ने. मी नाही म्हणणार नाही."

दिनेश त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला आणि त्यांचा हात हातात घेऊन नुसता बघत राहिला. लिंबाने आणि मिठाने त्या बोटांची कातडी सोलवटली होती. शेवटी सईनेच भूक लागल्याचं जाहीर केलं, म्हणून आम्ही उठलो आणि जेवलो. भात चांगला झाला होता.

तो पुढे आठवडाभर राहिला. अक्कांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. विसरणं सुरू झालंय, हळूहळू वाढेल, एकटीने गॅस वापरू नये, असं डॉक्टर म्हणाले. जायच्या आदल्या दिवशी तो वर आमच्याकडे आला. "ती नाही म्हणेल, भांडेल, याची तयारी करून आलो होतो," तो म्हणाला. "हो म्हणाली तर काय करायचं, याचा विचारच केला नव्हता. आता मला न्यायचं धैर्य होत नाही." अक्का काही दिवस तुमच्याबरोबर जेवल्या तर चालेल का, असं त्याने फार संकोचत विचारलं. निखिल म्हणाला, त्यात विचारायचं काय. मग दिनेशने सांगितलं की तो दर महिन्याला येईल, आणि पुढचं पुढे बघू.

तसा तो येतो. खालच्या ओट्यावर आता शेगडी नाही. सकाळी अक्का जिना चढून आमच्याकडे येतात, मधेच एका पायरीवर थांबून दम खातात. काही दिवशी सईला तिच्या नावाने हाक मारतात. काही दिवशी दिनेश म्हणतात, आणि सई ओ देते. मी तांदूळ धुऊन कुकर लावते. स्वयंपाकघरात थांबू नका, बाहेर बसा, असं मी त्यांना पुष्कळदा सांगून पाहिलं. तुला एकटीला सोडून कशी जाऊ, म्हणतात, आणि सईला मांडीवर घेऊन तिथेच कोपऱ्यात बसतात. शिट्टी होते तेव्हा अजूनही त्यांचं सगळं अंग थरथरतं. डोळे गच्च मिटलेले असतात, ओठ हलत असतात. पण त्यांचे दोन्ही हात सईच्या कानांवर असतात.